बिब्बा, काजू आणि आंबा: सजीवांचं नातं शोधायचं कसं

बिब्बा अंगावर उतला की काय होतं, हे खानापूर किंवा चंदगडकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. कातडी काळी पडते, फोड येतात, आग थांबत नाही. काजूच्या बिया भाजताना टरफलातलं तेल हातावर उडालं तर साधारण तसंच होतं. झाडाखाली उभं राहून दातांनी कैरी फोडणाऱ्या पोरांच्या ओठांच्या कडेला पुरळ उठतं, तेही त्याच धाटणीचं दुखणं, फक्त सौम्य. तिन्ही झाडं दिसायला वेगळी. काजू तर मुळात इथला नाहीच, पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून आणला. तरीही तिघांच्या चिकात एकमेकांशी मिळतीजुळती रसायनं सापडतात, कारण तिघांचं कुळ एक आहे: ॲनाकार्डिएसी, म्हणजे आंब्याचं कुळ. म्हणून ज्याला बिब्बा फार उततो, त्याने काजूचं टरफल सांभाळून हाताळावं आणि कैरीचा चीक पुसून मगच ती खावी.

शास्त्रज्ञ सजीवांचं वर्गीकरण कशासाठी करतात, याचं उत्तर मला इथे दिसतं. एका झाडाबद्दल कळलेल्या गोष्टीवरून, कधी हातही न लावलेल्या दुसऱ्या झाडाबद्दल अंदाज बांधता येतो. पण तो अंदाज खरा ठरायचा तर गट खऱ्या नात्यावर बांधलेला हवा. रंग, उंची, पानाचा आकार किंवा उपयोग बघून केलेला गट तितका कामाला येत नाही.

शाळेत हा विषय दुसऱ्याच टोकाकडून सुरू होतो. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुळ, प्रजाती, जाती, असा क्रम पाठ करायचा आणि परीक्षेत लिहायचा. क्रम चुकीचा नाही, पण तो पाठ करून मुलाच्या हाती काहीच लागत नाही, हे मला मनापासून खटकतं. त्यापेक्षा भीमगडच्या जंगलातला गवा घ्या. तो प्राणी आहे, त्याला पाठीचा कणा आहे, तो सस्तन आहे, त्याचे खूर दुभंगलेले आहेत, शिंगं पोकळ आणि कायमची आहेत. एकेक पायरी उतरताना गट लहान होत जातो आणि नातं जवळ येत जातं. शेवटून दुसऱ्या पायरीवर आपण बॉस या प्रजातीत पोचतो आणि तिथे गव्याच्या शेजारी कोण उभं असतं? गोठ्यातली गाय आणि बैल. आपल्याकडे रंग आणि अंगकाठी बघून त्याला गवा रेडा म्हणायची पद्धत आहे, पण रेडा आणि म्हैस ब्युबॅलस नावाच्या दुसऱ्या प्रजातीतले. गवा गायीच्या भावकीतला. ईशान्य भारतात मिथुन पाळतात, तो गव्याच्या सर्वांत जवळचा माणसाळलेला प्राणी. त्याचा गायींशी संकर करून वासरं घेतली जातात. म्हशीशी तसं होत नाही.

गव्याचं शास्त्रीय नाव बॉस गॉरस. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. अशी दोन शब्दांची नावं सरसकट वापरायची शिस्त स्वीडनच्या कार्ल लिनियसने लावली. त्याआधी एकेका वनस्पतीचं नाव म्हणजे लॅटिनमधलं लांबलचक वर्णन असे. वनस्पतींच्या नावांची अधिकृत सुरुवात त्याच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून धरतात, प्राण्यांच्या नावांची १७५८ सालच्या ग्रंथापासून. आपल्या बाजूच्या वनस्पतींची माहिती त्याला मिळाली ती बरीचशी ‘हॉर्टस मलबारिकस’ या डचांनी काढलेल्या बारा खंडी लॅटिन ग्रंथातून, जो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. केरळातले वैद्य इट्टी अच्युदन यांच्याबरोबर त्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्यही होते. या तिघांचं नागरी लिपीतलं कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. लिनियस भारतात कधी आला नाही. झाडं ओळखणारी इथली माणसं त्या ग्रंथामागे होती, हे विसरू नये.

नावांची शिस्त उत्तम होती, पण गट पाडायची लिनियसची रीत कच्ची होती आणि ते त्यालाही ठाऊक होतं. फुलातले पुंकेसर मोजायचे आणि त्यावरून वर्ग ठरवायचा, असे चोवीस वर्ग. रीत सोपी, कुणालाही जमेल अशी. पण त्यामुळे आंबा गेला पाच पुंकेसरांच्या वर्गात, मिरची आणि तंबाखूच्या पंगतीला. काजू गेला दहाच्या वर्गात. सख्ख्यांची ताटातूट झाली आणि परके एकत्र आले. त्या यादीवरून काजूच्या तेलाबद्दल कुणाला काही अंदाज बांधता आला नसता.

पुढे १८५९ साली डार्विनने सजीव एका मुळातून फुटत आले आहेत हे मांडलं आणि ‘नैसर्गिक गट’ म्हणजे काय याला अर्थ आला: एका पूर्वजाचे वंशज. पण तो पूर्वज तर लाखो, कोटी वर्षांपूर्वी संपला. त्याचे वंशज कोण, हे आज कसं ठरवायचं?

छापखाने येण्याआधी पोथ्या हाताने उतरवत. एका पोथीच्या दहा प्रती समोर आहेत असं धरा. उतरवणारा कुठे ना कुठे चुकतो, एखादा शब्द गळतो, एखादं अक्षर बदलतं, आणि पुढचा माणूस त्या चुकीसकट उतरवतो. दोन प्रतींत एकाच ओवीतला तोच शब्द गळालेला असेल, तर दोन्ही एकाच प्रतीवरून उतरल्या असणार. उरलेल्या ओव्या दहाही प्रतींत जशाच्या तशा आहेत, त्यावरून कुणाचं कुणाशी जवळचं नातं हे कळत नाही. नातं कळतं ते वाटेत नव्याने आलेल्या आणि दोघांत सारख्या असलेल्या बदलातून. माश्या-डासांसारख्या कीटकांचा अभ्यास करणारा जर्मन शास्त्रज्ञ विली हेनिग याने १९५० साली हाच नियम सजीवांसाठी काटेकोरपणे मांडला. आजचं सगळं वर्गीकरण त्यावर उभं आहे. सारखेपणा भरपूर असला तरी तो जुना, सगळ्यांकडे असलेला असेल, तर तो बाजूला ठेवायचा.

हा नियम लावला की ओळखीच्या प्राण्यांचे गट हलतात. कृष्णेतली मगर आणि बांधावरची घोरपड बघा. दोघींना खवले, दोघी चार पायांवर सरपटतात, दोघींचं रक्त थंड. कोंबडी यांच्यापासून लांबची वाटते. पण खवले ही फार जुनी गोष्ट आहे. मगरीच्या हृदयाला चार पूर्ण कप्पे आहेत, कोंबडीच्याही आहेत, घोरपडीच्या नाहीत. मगर घरटं करते, अंड्यांची राखण करते. तिची पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात आणि आई ऐकून येते. हाडांचे बारकावे आणि डीएनए यांचाही कौल तोच: मगर आणि पक्षी यांचा शेवटचा समाईक पूर्वज सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आणि घोरपडीची फांदी त्याच्याही आधी फुटलेली. म्हणजे मगरीला घोरपडीपेक्षा कोंबडी जवळची. मग ‘सरपटणारे प्राणी’ या गटातून पक्षी वगळले, तर तो गट एका पूर्वजाच्या वंशजांपैकी काहींना घरात ठेवून काहींना बाहेर काढतो. आज शास्त्रज्ञ पक्ष्यांना त्या गटाच्या आतच धरतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण पुरावा पाहिल्यावर दुसरं काही मानणं मला प्रामाणिक वाटत नाही.

याच्या उलटही घडतं. नातं नसताना रूप जुळतं. पावसाळ्यात चोर्ला, जांबोटी, कणकुंबीकडे ओल्या मातीत एक लांब, गुळगुळीत, अंगावर वेढे असलेला प्राणी सापडतो. त्याला देवगांडूळ म्हणतात. लांबून तो गांडूळ वाटतो, हातभर अंतरावरून मांडुळासारखा साप वाटतो, आणि तेवढ्या गैरसमजावर लोक त्याला मारून टाकतात. तो दोन्ही नाही. त्याला पाठीचा कणा आहे, म्हणून गांडूळ नाही. कातडी ओली आणि मऊ आहे, सापासारखी कोरडी खवलेदार नाही. जबड्यात दात आहेत, आणि डोळा व नाकपुडी यांच्या मधे एक बारीकसा स्पर्शक आहे, जो दुसऱ्या कुठल्याच कणाधारी प्राण्याला नसतो. तो उभयचर, म्हणजे बेडकाच्या नात्यातला. जमिनीत घुसून राहणाऱ्याला पाय अडचणीचेच, म्हणून सापांनी त्यांच्या वाटेने पाय टाकले आणि देवगांडुळांनी त्यांच्या वाटेने. म्हाताऱ्या माणसांनाही हे सांगितलं की पटतं. एकदा बेडकाच्या घरातला म्हटल्यावर हातातली काठी खाली येते. याच भागातल्या म्हादई नदीच्या खोऱ्यातल्या एका देवगांडुळाचं वर्णन २००७ साली नवी जाती म्हणून प्रसिद्ध झालं. त्याचं नाव गेगेनिओफिस म्हादेइएन्सिस.

रूप फसवतं, म्हणून डीएनए मोलाचा. चार अक्षरांत लिहिलेला तो मजकूर पिढ्यान् पिढ्या उतरवला जातो आणि त्यात चुका साठत जातात. हृदयाचे कप्पे मोजून दोन-चार खुणा मिळतात, तर इथे हजारो. वटवाघळांचं उदाहरण घ्या. लिनियसने त्यांना माकडांच्या आणि माणसाच्या गणात घातलं होतं. सामान्य माणूस त्यांना उंदराच्या जवळचं मानतो. डीएनएने दोन्ही खोटं ठरवलं. वटवाघळांची फांदी घोडा, कुत्रा, गाय, देवमासा यांच्या मोठ्या फांदीतून फुटते. उंदीर आणि माकडं दुसऱ्या फांदीवर एकत्र आहेत. भीमगडच्या गुहेतल्या वटवाघळाला बाहेर चरणारा गवा जवळचा आणि बिळातला उंदीर लांबचा.

आता शेताकडे येऊ, कारण वर्गीकरणाचा पैशाशी संबंध तिथे येतो. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात बटाटा आणि रताळी दोन्ही निघतात. बाजारात शेजारी शेजारी ढीग लागतात. दोन्ही जमिनीखाली वाढतात आणि दोन्ही अमेरिका खंडातून आलेली आहेत. पण बटाटा सोलॅनम प्रजातीतला, वांग्याचा आणि टोमॅटोचा सख्खा. मिरची आणि निपाणीचा तंबाखू त्याच कुळातले. निपाणीकडच्या एका वयस्क शेतकऱ्याला हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “तंबाखू आन् वांगं भाऊबंद? काय सांगतासा!” फुलं शेजारी ठेवून बघा म्हटलं. पाकळ्या बुडाशी जुळलेल्या, पाच टोकं, पाच पुंकेसर. लिनियसची मोजणी इथे खरी उतरते, फक्त ती एकटी पुरत नाही. रताळ्याचं फूल मात्र गारवेलीसारखं, बेशरमीच्या फुलासारखं कर्णा. ते त्या कुळातलं. दोन्ही कुळं पुढे एकाच गणात येतात, पण शेतकऱ्याच्या कामापुरती ती वेगळी आहेत.

याचा उपयोग असा. मुळांवाटे शिरून उभं झाड सुकवणारा जिवाणूजन्य मर रोग बटाटा, टोमॅटो, वांगी, मिरची, तंबाखू या सगळ्यांना धरतो. तंबाखूच्या पानावरचा केवडा टोमॅटो-मिरचीवर जातो. बिडी-तंबाखू चोळलेल्या हाताने टोमॅटोची रोपं लावू नयेत असं सांगतात, त्यामागे हेच आहे. बटाट्यानंतर त्याच रानात टोमॅटो किंवा मिरची घेणं म्हणजे रोगाला पुढचं जेवण वाढून देणं. त्याऐवजी गवताच्या कुळातलं भात, ज्वारी किंवा मका घ्यावा. नात्याचा फायदाही घेता येतो. वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम धरतं आणि मर सोसणारा खुंट निवडला तर टोमॅटो वाचतो. टोमॅटोचं कलम रताळ्याच्या वेलावर धरायला गेलात तर हाती काही लागणार नाही. रताळ्याचा सोंड्या भुंगा बटाट्याकडे फिरकत नाही, पण बांधावरच्या रानटी गारवेलींवर तो मुक्काम करतो, म्हणून त्या वेली काढाव्या लागतात.

आणि बटाट्यावरचा करपा? ज्याने १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ आणला तो. आपण त्याला बुरशी म्हणतो, दुकानदार बुरशीनाशक देतो. तो दिसतो बुरशीसारखा, पण नात्याने खऱ्या बुरशीपासून फार दूर आहे. त्याची भावकी समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी. बुरशीच्या पेशीभिंतीत कायटिन असतं, याच्या भिंतीत सेल्युलोज. बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल असतं आणि कित्येक बुरशीनाशकं नेमकी त्याच्या घडणीवर घाव घालतात. करप्याचा जीव ते बनवतच नाही, मग ते औषध त्याला काय करणार? म्हणूनच करप्यासाठी मेटॅलॅक्सिलसारखी वेगळी औषधं लागतात. चुकीच्या गटात टाकलेला जीव शेतकऱ्याचे पैसे फवारणीत घालवतो, हे एवढ्या स्पष्टपणे दुसरीकडे दिसत नाही.

खऱ्या बुरशीचं, म्हणजे आपल्या अळंबीचं, नातं वेगळंच निघालं. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी आपण भाजीत धरतो. पूर्वी शास्त्रज्ञही तिला वनस्पतीत धरत. १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकरने पाच सृष्टी मांडल्या, तेव्हा बुरशीला स्वतंत्र घर मिळालं. नंतर डीएनएने दाखवलं की बुरशीची फांदी प्राण्यांच्या शेजारी आहे. खेकड्याच्या कवचात असतं ते कायटिन अळंबीतही असतंच. पण सगळ्यांत मोठी उलथापालथ सूक्ष्मजीवांत झाली. १९७७ साली कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी पेशीत प्रथिनं घडवणाऱ्या यंत्रातला एक तुकडा वेगवेगळ्या जीवांत ताडून पाहिला. मिथेन वायू सोडणारे सूक्ष्मजीव जिवाणू मानले जात, पण ते जिवाणूंपासून पूर्ण वेगळे निघाले. त्यांना आर्किया म्हणतात. परसातल्या गोबरगॅसच्या टाकीत चुलीसाठी वायू तयार करतात ते हेच. सूक्ष्मदर्शकाखाली ते जिवाणूंसारखे दिसत असले, तरी नात्याने आपल्याला जवळचे आहेत. १९९० पासून सगळ्या सजीवांचे तीन महागट मानतात: जिवाणू, आर्किया, आणि केंद्रक असलेल्या पेशींचे आपण सगळे.

पुरावा बदलला की गट बदलतो आणि मग नावंही बदलतात, याचा वाचकांना त्रास होतो हे खरं. टोमॅटोला लिनियसने १७५३ साली सोलॅनममध्ये ठेवलं, १७६८ साली फिलिप मिलरने त्याला लायकोपर्सिकॉन या वेगळ्या प्रजातीत नेलं, आणि दोनशेहून अधिक वर्षांनी डीएनएने त्याला पुन्हा सोलॅनममध्ये आणून बसवलं. मला यात शास्त्राची कमजोरी दिसत नाही. पुराव्यापुढे नाव वाकतं, हीच त्याची शिस्त.

नाव कुणाकडे राहणार, याचाही नियम आहे. नवी जाती जाहीर करताना एक नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो आणि नाव त्या नमुन्याला कायमचं बांधलं जातं. तसंच प्रजातीचं नाव एका जातीला बांधलेलं असतं. खानापूर तालुक्यातल्या बारापेडे गुहेतलं लांब कानांचं, मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ लंडनच्या ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९१३ साली वर्णन केलं. वन अधिकारी रॉटन यांच्यावरून त्याला ‘रॉटोनी’ म्हटलं आणि त्याच्यासाठी ओटोमॉप्स ही प्रजाती उभी केली. आज या प्रजातीत आफ्रिका, मादागास्कर आणि न्यू गिनीकडचीही वटवाघळं आहेत. उद्या ती वेगळी ठरली, तर नवं नाव त्यांना शोधावं लागेल. ओटोमॉप्स बारापेडेच्या वटवाघळाकडेच राहील.

हा नियम एका मोठ्या जागी मोडला गेला आणि तो आपल्या बाभळीच्या बाबतीत. अकेशिया हे प्रजातीचं नाव मुळात आपल्याकडे आणि आफ्रिकेत वाढणाऱ्या काटेरी बाभळीला बांधलेलं होतं. डीएनएने दाखवलं की त्या प्रजातीत एकमेकांपासून दूरचे अनेक गट कोंबलेले आहेत, ते फोडावे लागणार. ऑस्ट्रेलियातल्या गटात सुमारे हजार जाती, त्या सगळ्यांची नावं बदलू नयेत म्हणून २००५ साली व्हिएन्नाच्या आणि मग २०११ साली मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियाकडच्या झाडांना द्यायचं ठरलं. मोजणीने पाहिलं तर निर्णय सोयीचा आहे. तरी ज्या झाडावरून नाव आलं त्याच्याकडून ते काढून घेतलं गेलं, हे मला अजून पटलेलं नाही. आता गोकाक-अथणीच्या काळ्या रानातली बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका झाली, खैर सेनेगालिया कॅटेचू झाला, आणि सामाजिक वनीकरणात रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ, जिला आपल्याकडे आधीपासूनच नुसतं ‘अकेशिया’ म्हणतात, ती आता शास्त्रीय नावानेही अकेशियाच आहे. जुन्या पुस्तकांत अकेशिया निलोटिका आढळलं तर ती आपलीच बाभूळ समजायची. पहिला शब्द बदलला तरी जातीचा दुसरा शब्द सहसा टिकतो, तेव्हा जुनं आणि नवं नाव ताडून पाहताना तोच धरावा.